जड बाटली कोणाची

आमच्या वॉर्डात मला मोजणीबाई म्हणतात. पहिले सहा महिने वाईट वाटलं. मग कळलं की मोठ्या सर्जनना पाठीमागे ‘कुलूप’ म्हणतात, कारण ते तोंड उघडत नाहीत, आणि भूल देणाऱ्या बाईंना ‘अंगाई’. त्या मानाने माझं नाव घरंदाज निघालं. निमूट पदरात घेतलं.

काम नावासारखंच. हृदयाच्या ऑपरेशनआधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस पेशंटने रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या. बाटलीत बावीस असतात. वीस पोटात जायच्या, दोन जास्तीच्या, हातातून पडल्या-बिडल्या तर. शेवटी बाटली माझ्याकडे येते. मी निळ्या ताटलीत उरलेल्या ओतते, चमच्याच्या दांड्याने एकेक बाजूला सारते आणि वहीत आकडा लिहिते. शाळा सातवीत सुटली, पण बावीसपर्यंत मोजायला तेवढी पुरते. बाकीचं मला डब्यांवरच्या लेबलांनी शिकवलं.

हा सगळा खटाटोप आमच्या डॉक्टरबाईंचा. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, अंगाने काडी, आणि जेवायला वेळ नाही म्हणून कायम हातात सफरचंद. मला कामावर घेतलं त्या दिवशी तिने ते सफरचंद कापलं, एका फोडीला लिंबू चोळलं, दुसरी तशीच ठेवली.

“बघा,” म्हणाली, “उघडी फोड काळी पडणार. लिंबू लावलेली पांढरी राहणार. ऑपरेशनमध्ये हृदय थोडा वेळ थांबवतात, मग रक्त पुन्हा सोडतात. त्या वेळी आतल्या आत असंच काहीतरी करपतं, गंजतं म्हणा. क आणि ई जीवनसत्त्व आधीपासून दिलं तर ते लिंबासारखं आड येईल का, एवढंच मला बघायचंय.”

“आणि नाही आलं तर?”

“तर तसं लिहायचं.”

मला ती तिथेच आवडली. दोन्ही फोडी आम्हीच खाल्ल्या.

पण नुसत्या गोळ्या देऊन कळत नाही म्हणे. माणसाला औषध मिळतंय म्हटलं की तो निम्मा तसाच बरा होतो. म्हणून निम्म्या बाटल्यांत खरं औषध आणि निम्म्यांत दिसायला तसंच साधं पीठ. कोणत्या नंबरात काय, ते पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरबाईला नाही, मला नाही. यादी एकाच माणसाकडे, कपाटात, लाखेने बंद. ते म्हणजे औषधभांडाराचे तळघरकाका. तीस वर्षं तळघरात काढल्यामुळे त्यांना ऊन आणि गप्पा दोन्ही सोसत नाहीत.

अट एकच. दोनशे पेशंट पूर्ण व्हायला हवेत, आणि ते महिनाअखेरच्या आत. एकशे नव्याण्णव झाले तरी वरची समिती सगळं गुंडाळून ठेवणार. तीन वर्षांची वही पाण्यात. त्या महिन्याच्या दहा तारखेला आमच्याकडे एकशे अठ्ठ्याण्णव होते, आणि डॉक्टरबाई सफरचंद कापायचंही विसरत होती.

अकरा तारखेला ते दोघे आले.

सख्खे भाऊ. थोरला सत्तरीचा, धाकटा सहासष्टचा. दोघांच्याही हृदयाच्या रक्तवाहिन्या बुजलेल्या, दोघांची बायपास एकाच दिवशी. थोरल्याची सकाळी, धाकट्याची दुपारी. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानातले, कारखान्यातले, सोनाराकडचे. थोरला काट्याची दांडी टेकते त्या पात्याला धार द्यायचा, धाकटा काटा लावायचा. लहानपणापासून एका घरात, एका टेबलाशी. धाकट्याची बायको जाऊन दहा वर्षं झालेली, तेव्हापासून थोरल्याची बायको दोघांना सारखंच बोलते. तिला सगळे वहिनी म्हणतात, नवरासुद्धा.

“दोघांच्या सह्या मिळतील?” डॉक्टरबाईने भीतभीत विचारलं. तिने सगळं समजावलं होतं. लिंबू, फोड, पीठ, सगळं.

थोरला म्हणाला, “मी करतो. याचं सांगता येत नाही. हा घरात झुरळ मारायला पण दोन दिवस विचार करतो.”

“मी करतो,” धाकटा म्हणाला. “दादाचं तेवढं नीट वाचून घ्या. तो चष्मा न लावता सही करतो आणि मग मला निस्तरावं लागतं.”

झाल्या सह्या. एकशे नव्याण्णव आणि दोनशे.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. नियमाच्या कागदावर सातव्या ओळीत लिहिलं होतं, एका घरातले दोन पेशंट एका खोलीत ठेवू नयेत. मी वाचलं होतं. पण धाकटा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “ताई, एक विचारू? दादाचं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही. साठ वर्षांची सवय आहे.” आणि पाचच मिनिटांनी थोरला आला. “त्या धाकट्याला माझ्या शेजारी ठेवा. एकटा असला की तो अंगावरचं पांघरूण लाथाडतो आणि मग खोकत बसतो.” अशा माणसांना सातवी ओळ कशी वाचून दाखवायची? खिडकीजवळच्या दोन खाटा रिकाम्या होत्या. दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी बाटल्या दिल्या. आपापल्या कप्प्यात ठेवा, पहिली कॅप्सूल संध्याकाळच्या जेवणानंतर, असं दोनदा सांगितलं. थोरल्याने बाटली तळहातावर ठेवली आणि हात थोडा खालीवर केला. धाकट्यानेही तसंच. मी हसले.

“काय बघताय?”

“सवय,” थोरला म्हणाला. “आमच्या हाताला गुंजभर फरक कळतो.”

“याच्या नाही,” धाकटा म्हणाला. “माझ्या.”

“तुम्ही या मोजता?” थोरल्याने माझ्या निळ्या ताटलीकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी बोटाने दूध पितेय. “मोजणारा चुकतो ताई. तोलणारा नाही चुकत.”

पुढचे पाच दिवस त्या खोलीत मी गरजेपेक्षा जास्त वेळा गेले, हे कबूल करते. भांडण ऐकायला. भांडण एकच, पण दोघेही ते रोज नव्याने तापवायचे.

“घरात नवा शर्ट यायचा तो याला,” धाकटा सांगायचा. “मला याचा उतरलेला. मी अकरा वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं, शर्टाला कोपरावर ठिगळ असतंच.”

“आणि दुधावरची साय?” थोरला उठून बसायचा. “ती कोणाला? आई वाटीत काढून ठेवायची. धाकट्यासाठी. मी निळं दूध पिऊन मोठा झालो.”

“तुला सायकल मिळाली.”

“दुकानात सामान आणायला मिळाली. तू मागे बसून चकाट्या पिटायचास.”

वहिनी कोपऱ्यात लोकर विणत बसलेली असायची. वर न बघता म्हणायची, “मला कोणी काही दिलं नाही. मला हे दोघे मिळाले.”

तिसऱ्या दिवशी दोघे दिसेनात. सगळा मजला शोधला. ते स्वयंपाकघरात सापडले, पथ्याचं जेवण तोलायच्या काट्यापुढे, पेशंटच्या कपड्यांत. काटा साफ उघडून ठेवलेला, आचारी हात बांधून उभा. थोरल्याने पात्यावर फुंकर घातली, धाकट्याने चिमटीने स्क्रू फिरवला, कोणी कोणाला काही सांगितलं नाही. एकाचा हात निघायचा तिथे दुसऱ्याचा पोचलेला असायचा. पंधरा मिनिटांत काटा शून्यावर आला.

“इतकी वर्षं सगळ्यांना घासभर कमी जात होतं,” थोरला म्हणाला.

आचारी म्हणाला, “तरी तक्रार करत होते.”

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला मी लवकर आले. काही काम नव्हतं, आपली आले. धाकटा आंघोळीला गेला होता. थोरला खाटेवर हिरवा गाऊन घालून बसलेला, पाय हलवत, शाळेतल्या मुलासारखा. मला बघून त्याने दाराकडे नजर टाकली.

“मोजणीताई, दार लोटा. एक सांगायचंय. आत जाताना मनावर वजन नको.”

मी दार लोटलं.

“बाटल्या मिळाल्या त्या दिवशी हा एक्स-रेला गेला होता. मी दोन्ही बाटल्यांतली एकेक काढली आणि दोन हातांत धरली. माझी जड होती. थोडीशीच, पण होती. म्हणजे खरं औषध माझ्याकडे आलं.” तो थांबला. “येणारच. नेहमी तसंच होतं. तो म्हणतो ना, नवा शर्ट मला? खरंच मला. सायकल मला. शाळेत मला घातलं, त्याला चौथीतून काढून दुकानात बसवलं. साय काय, वाटीभर साय. त्याने काय होतं?”

“मग?” मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

“मग काय, रुमालावर ओतल्या आणि बदलल्या. माझ्या त्याच्या बाटलीत, त्याच्या माझ्या बाटलीत. बाटल्या जिथल्या तिथे. त्याला सांगू नका. हट्टी आहे, परत करेल.”

बाहेर धाकट्याच्या चपला वाजल्या. थोरल्याने लगेच आवाज चढवला, “साबण संपवून आलास की नाही सगळा?”

सात वाजता त्याला नेलं. धाकटा स्ट्रेचरबरोबर लिफ्टपर्यंत गेला. लिफ्टचं दार लागताना म्हणाला, “दादा, भूल चढायच्या आधी डॉक्टरांशी वाद घालू नकोस.” थोरल्याने नुसता हात वर केला.

मी लिफ्टशी उभी राहून हिशेब केला. अदलाबदल झाली म्हणजे एकशे नव्याण्णव आणि दोनशे, दोन्ही बाद. महिना संपायला बारा दिवस, नवा पेशंट एकही नाही. मी गप्प राहिले असते तर कोणाला काय कळणार होतं? आकडे तर चोख भरणार होते. मोजणीत चूक नव्हतीच. हा विचार मी लिफ्टपासून डॉक्टरबाईच्या खोलीपर्यंत केला. चाळीस पावलं. तिने पहिल्या दिवशी म्हटलेलं ‘तर तसं लिहायचं’ माझ्याबरोबर चाळीसही पावलं चालत होतं.

सगळं सांगितलं. खिडकीजवळच्या खाटा, सातवी ओळ, रुमाल. डॉक्टरबाईने ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला.

“खाटा तुम्ही शेजारी दिल्या?”

“हो.”

“घोरण्यासाठी?”

“हो.”

“मीही दिल्या असत्या,” ती म्हणाली. मग डोळे मिटले. “दोनशे झाले असते हो.”

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी तिला सफरचंद कापून दिलं. तिने ते खाल्लं नाही. फोड काळी पडत गेली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

शेवटी तीच उठली. “दोन्ही बाटल्या घ्या. तळघरात जाऊ.”

तळघरकाकांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. डॉक्टरबाईने सांगितलं, यादी आमच्यासमोर उघडायची नाही, कोणाकडे काय ते आम्हाला सांगायचं नाही. फक्त दोन्ही बाटल्यांतली एकेक कॅप्सूल तपासायची आणि यादीशी ताडून एकच शब्द सांगायचा. बरोबर की चूक.

“साक्षीदार लागेल,” काका म्हणाले. “उद्या सकाळी.”

“आज नाही होणार?”

“उद्या सकाळी.”

तो दिवस कसा गेला ते बसून आठवायला नको. वहिनीने त्या दिवशी एक अख्खी बाही विणली आणि एक अख्खी उसवली. धाकटा दीड वाजेपर्यंत खिडकीशी उभा होता. ‘कुलूप’ सर्जन बाहेर आले, थोरल्याबद्दल दोन शब्द बोलले, “उत्तम झालं,” आणि त्यांनी दोन शब्द खर्च केले म्हणजे फारच उत्तम झालं असणार, असं सगळ्यांनी धरलं. धाकट्याने त्यांच्या हाताला हात लावला आणि म्हणाला, “आता मला न्या. लवकर न्या. तो जागा झाला आणि मी दिसलो नाही तर बोंब मारेल.”

संध्याकाळी त्याचंही झालं. दोन खाटा, मध्ये पडदा, दोन यंत्रांवर दोन हिरव्या रेघा. थोरला जरा शुद्धीवर आला तेव्हा नळी काढल्या काढल्या त्याने घशातल्या घशात विचारलं, “धाकट्या?” नर्सने पडदा सरकवला. धाकटा गाढ झोपला होता. थोरल्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “पांघरूण बघा त्याचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरकाका स्वतः वर आले. ते वर आले हीच बातमी होती. जिन्यात दोन जणांनी त्यांना ओळखलं नाही. डॉक्टरबाई उभी राहिली. मी भिंतीला टेकले.

“दोन्ही बरोबर,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“ज्या बाटलीत जे असायला हवं तेच आहे.”

“पण अदलाबदल झाली होती. पेशंटने स्वतः सांगितलंय.”

“एक शब्द म्हणालात. मी नऊ सांगितले.” काका मिशीत काहीतरी लपवत होते, पण ते तसे नेहमीच काहीतरी लपवतात. गेले.

डॉक्टरबाई खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. मग अख्खं सफरचंद न कापताच खाऊन टाकलं.

पण माझ्या डोक्यातला भुंगा जाईना. म्हातारा खोटं बोलला? ऑपरेशनला जाताना? संध्याकाळी मी आयसीयूत गेले. दुपारी त्याच्या हृदयाने जरा ताल सोडला होता, भलतीकडे धावत होतं. औषध दिलं, तीन तासांनी ठिकाणावर आलं. आता तो उशीला टेकून द्राक्षाएवढा बर्फाचा तुकडा चघळत होता.

“खरं सांगा. बदलल्या होत्या ना?”

“देवाशपथ. मधल्या बोटाने ढोसून भरल्या. एक खाली पडली, ती पण उचलली.”

“कुठे पडली?”

“खाटेखाली.”

मी विचार करून थकले. मोजणारा चुकतो, तोलणारा नाही, म्हणे. इथे कोणीतरी चुकलं होतं हे नक्की.

उत्तर तीन दिवसांनी मिळालं, कॉरिडॉरमध्ये. धाकट्याला चालवायचं होतं. एका हाताने माझा दंड, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली उशी; खोकला आला तर दाबायला. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितल्यापासून तो नाराज होता. जन्मभर वजनं उचललेला माणूस.

“ताई,” तो अचानक म्हणाला, “मी एक गैर केलंय. तुमच्या वहीला बाध येईल असं.”

माझे पाय थांबले. त्याचेही थांबले.

“बाटल्या दिल्या त्या दिवशी दुपारी दादाला मानेच्या सोनोग्राफीला नेलं होतं. मी दोन्हीकडची एकेक हातात धरून बघितली. माझी जड लागली.” तो उशीकडे बघत बोलत होता. “लागणारच. जे चांगलं ते माझ्याच वाट्याला. साय म्हणा, लाड म्हणा. आई गेली तेव्हा बाबांनी दादाला दुकानात जुंपलं. रात्रशाळा करून शिकला तो. मी चौथीतून पळालो कारण मला शाळा नको होती. तो अजून समजतो मला काढलं. माझी बायको आजारी होती तेव्हा वर्षभर दुकान त्याने एकट्याने ओढलं. मग मी बदलल्या. वहिनीच्या लोकरीच्या पिशवीत ओतल्या, आणि...”

“संध्याकाळच्या आधी?”

“हो, पहिली घ्यायच्या आधीच. उपयोग व्हायला हवा ना.”

मी कॉरिडॉरच्या बाकावर बसले. आधी त्याला बसवायला हवं होतं, पण मीच बसले. सकाळी थोरल्याने कॅप्सूल बदलल्या, दुपारी धाकट्याने त्या तशाच परत बदलल्या. कॅप्सूल फिरून आपापल्या घरी. त्या दोघांच्या पाच-पाच मिनिटांच्या चोरीमुळे डॉक्टरबाईची तीन वर्षं वाचली होती. आणि गंमत बघा, दोघांच्याही बोटांना जड लागली ती बावीस कॅप्सूलांची एकच रास. सकाळी थोरल्याच्या बाटलीत होती, दुपारी धाकट्याच्या. दोन तज्ज्ञांचं एकमत. म्हणजे खरं औषध थोरल्याचं, मी मनात नोंद करून टाकली. वहीत नाही.

“रागावलात?” धाकट्याने विचारलं.

“तुम्हाला दोन किलोच्या वर उचलायचं नाही म्हणून सोडते,” मी म्हटलं. “नाहीतर आज तुमचे कान उचलले असते.”

डॉक्टरबाईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की बाजूच्या खोलीतून ‘कुलूप’ सर्जन बघायला आले. मग तिने कागद पुढे ओढला आणि सगळं जसंच्या तसं लिहिलं. खाटा, रुमाल, लोकरीची पिशवी. समितीने तो कागद दोनदा परत पाठवून विचारलं, हे खरं आहे का. तिसऱ्यांदा मान्य केलं. दोनशे पूर्ण. मी मात्र दोन्ही भावांना एकमेकांचं काही सांगितलं नाही. घरी जाताना दोघांनीही माझ्याकडे बघून हळूच मान डोलावली, ‘ताई, हे आपल्या दोघांतलं’ म्हणून.

चार महिन्यांनी यादीची लाख फोडली. अभ्यासातून काय निघालं ते डॉक्टरबाईने मला सोपं करून सांगितलं. थोडासा फरक दिसतोय, पण ढोल बडवावा इतका नाही. अजून कोणीतरी पुढे बघायला हवं. तिने तसंच लिहिलं. ज्याला त्याला आपलं आपलं पत्र गेलं. या दोघांनी पत्र घेतलं नाही. आम्ही प्रत्यक्ष येतो, ताईंच्या तोंडून ऐकतो, असा निरोप आला.

आले. तिघेही. थोरल्याचे गाल भरले होते, धाकट्याने मिशी काळी केली होती. वहिनीच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता, कारण डॉक्टरांनी केव्हाच परवानगी दिली होती तरी ती दोघांना पाव किलोसुद्धा उचलू देत नव्हती. खोक्यात माझ्यासाठी पितळी काटा, तळहाताएवढी दोन पारडी, मध्ये केसासारखा बारीक काटा. दोघांनी मिळून केलेला.

“ताटली फेकून द्या आता,” थोरला म्हणाला.

मी कागद उघडला. मलाही तोवर ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम आधी वाचला नव्हता. थोरल्याने धाकट्याकडे असं बघितलं, जसं माणूस आपण दिलेली भेट दुसरा उघडत असताना त्याच्याकडे बघतो. धाकटा त्याच वेळी तसाच त्याच्याकडे बघत होता.

“एकशे नव्याण्णव,” मी वाचलं, “रिकामी, म्हणजे नुसतं पीठ. दोनशे,” आणि मी पुन्हा एकदा ओळीवर बोट ठेवून बघितलं, “रिकामी.”

मला तळघरकाकांची मिशी आठवली. ‘दोन्ही बरोबर.’ असणारच. काहीही करा, दोन्ही बरोबरच राहणार होतं.

“असं कसं,” थोरला म्हणाला. “मी हातात धरून बघितलंय. जड होती.”

“मीही बघितलंय,” धाकटा म्हणाला.

“तू कधी बघितलंस?”

“तू सोनोग्राफीला गेला होतास तेव्हा. तू कधी?”

“तू एक्स-रेला.”

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी चार महिने ज्याची वाट बघत होते ते त्यांच्या चेहऱ्यांवर हळूहळू चढताना मला दिसलं.

“तू माझ्या बाटलीत हात घातलास?” थोरला म्हणाला.

“तू आधी घातलास. मी वहिनीच्या लोकरीच्या पिशवीत ओतून बदलल्या, एवढंच.”

“मी थोरला आहे.”

“म्हणून काय पीठ द्यायचं मला?”

“आणि तू मला तेच परत दिलंस.”

वहिनीने खोका खाली ठेवला. “एक मिनिट,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही दोघांनी जिवावर उदार होऊन पिठाची अदलाबदल केलीत. माझ्या लोकरीच्या पिशवीत. तरीच त्या स्वेटरला पांढरे ठिपके.” आणि ती हसायला लागली. तिला बसायला खुर्ची द्यावी लागली. तिचं बघून धाकटा, मग थोरला. दोघेही हसताना अजून सवयीने छातीशी हात धरत होते.

हसणं ओसरल्यावर थोरल्याने डोळे पुसले आणि बाहेर खिडकीकडे बघत म्हणाला, “तुला शाळेतून काढलं ते...”

“मी पळालो होतो दादा.”

“काय?”

“पळालो होतो. मला गणित येत नव्हतं.”

थोरल्याने हे जरा वेळ तोंडात घोळवलं. साठ वर्षं वाहिलेलं एवढं ओझं कोणी असं एका वाक्यात उतरवलं तर माणूस आधी रागावतोच. “मग तुझी ती शाळा मी उगाच मनाला लावून...” म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

माझ्याकडे दोन्ही बाटल्या अजून होत्या. काकांनी तपासायला एकेक घेतली होती, म्हणून प्रत्येकीत जास्तीची एकेक उरलेली. मी त्या काढल्या. थोरल्याची डाव्या पारड्यात ठेवली, धाकट्याची उजव्या. पारडी हलली, डुचमळली, हळूहळू थांबली. दोघेही टेबलावर वाकले, डोक्याला डोकं लावून.

“धाकट्याचं जरा खाली आहे,” थोरला म्हणाला.

“चष्मा पूस. दादाचं खाली आहे.”

“मला काटे शिकवतोस?”

“तूच शिकवलेस. म्हणून तर सांगतो.”

मी वाकून बघितलं. काटा मधोमध होता, केसभरही इकडेतिकडे नाही. मोजणीबाई म्हणून ते सांगणं माझं काम होतं. मी सगळ्यांसाठी चहा सांगायला गेले.